पूर्वजांच्या कवट्या कशा वाचायच्या? रविवारच्या टेबलावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कोल्हापुरात शाळेत विज्ञान शिकवते. महिन्यातले दोन रविवार घराच्या पडवीत एक लांब टेबल मांडते. त्यावर प्लॅस्टरच्या सात कवट्या, एक मांडीचं हाड, एक कमरेचं हाड आणि मोहरी भरलेल्या काही कापडी पिशव्या असतात. शाळेतली मुलं येतात, त्यांचे आईवडील येतात, शेजारच्या तालमीतली पोरंही डोकावून जातात. प्रश्न बहुतेक तेच असतात आणि चांगले असतात. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवली आहेत.

माणूस माकडापासून झाला का?

पन्हाळ्यावर हातातली शेंगांची पुडी पळवणारं माकड आपल्या लांबच्या भावकीतलं आहे, पण आपला आजोबा नाही. मराठीत आपण 'माकड' या एकाच शब्दात वानर, चिंपांझी, गोरिला असं सगळं कोंबतो आणि घोळ तिथूनच सुरू होतो. चिंपांझी, बोनोबो, गोरिला आणि ओरांगउटान हे शेपटी नसलेले कपी. त्यातल्या चिंपांझी आणि बोनोबोशी आपलं नातं सगळ्यांत जवळचं. त्यांचा आणि आपला सामाईक पूर्वज साधारण ६० ते ८० लाख वर्षांपूर्वी आफ्रिकेत राहत होता. तो चिंपांझीही नव्हता आणि माणूसही नव्हता. सातबाऱ्यावरची एकाच नावाची जमीन दोन भावांत वाटली जाते आणि पुढं दोन्ही घरं आपापल्या वाटेनं जातात, तसं हे झालं. त्यामुळे 'मग आजची माकडं माणसं का होत नाहीत?' याचंही उत्तर इथंच मिळतं. ती त्यांच्या घराची माणसं, आपण आपल्या घरची.

कवटी हातात घेतल्यावर आधी काय बघायचं?

उलटी करा. सगळे चेहरा बघतात, पण खरी गोष्ट तळाला आहे. तिथं एक मोठं भोक दिसेल. मेंदूतून निघालेला मज्जारज्जू त्यातून खाली पाठीच्या कण्यात उतरतो. शास्त्रात त्याला महारंध्र म्हणतात. त्यात बोट घाला आणि बोट कुठल्या दिशेला येतं ते बघा.

चिंपांझीच्या कवटीत हे भोक मागच्या बाजूला सरकलेलं असतं. बोट तिरकं, पाठीकडं जातं, कारण त्याचं डोकं कण्याच्या पुढं लटकलेलं असतं. आपल्या कवटीत भोक जवळजवळ मधोमध आहे. बोट सरळ खाली येतं. डोक्यावर घागर तोलून धरावी तसं आपलं डोकं कण्यावर तोललेलं असतं. लटकलेलं डोकं सांभाळायला मानेला जाड स्नायू लागतात, तोललेल्याला ते लागत नाहीत. तालमीतली पोरं हे पटकन ओळखतात, कारण मान मागून भरायला किती घाम गाळावा लागतो ते त्यांना ठाऊक असतं.

म्हणजे पाय सापडला नाही, कंबर सापडली नाही, नुसती कवटी हाती आली, तरी तो प्राणी दोन पायांवर चालत होता का याचा अंदाज बांधता येतो. २००१ साली आफ्रिकेतल्या चाड देशात सुमारे ७० लाख वर्षांपूर्वीची एक कवटी मिळाली. तिचं शास्त्रीय नाव साहेलान्थ्रोपस, लाडाचं नाव तुमाई. मेंदू चिंपांझीएवढाच, पण भोक पुढं आलेलं. तो कितपत ताठ चालत होता यावर तज्ज्ञ आजही एकमेकांशी जोरात भांडतात.

आधी मेंदू वाढला की आधी चालायला लागले?

आधी चालायला लागले. मेंदू त्यानंतर कितीतरी उशिरा वाढला. या टेबलावरून एकच गोष्ट घरी न्यायची असेल तर ही न्या, कारण शंभर वर्षांपूर्वीच्या भल्याभल्या विद्वानांना ती पचली नव्हती.

त्यांना वाटायचं, बुद्धी हेच माणसाचं मोठेपण, तेव्हा मेंदू आधी मोठा झाला असणार आणि बाकीचं शरीर त्याच्या मागून आलं असणार. १९१२ साली इंग्लंडमध्ये पिल्टडाउन इथं नेमकी तशीच कवटी 'सापडली'. डोकं माणसासारखं मोठं, जबडा कपीचा. सगळे खूश झाले. १९५३ साली कळलं की ती बनवाबनवी होती. माणसाच्या कवटीला ओरांगउटानचा जबडा जोडला होता, दात कानशीनं घासले होते आणि हाडं जुनी दिसावीत म्हणून रंगवली होती. चाळीस वर्षं ती खपली, कारण लोकांना जे ऐकायचं होतं तेच ती सांगत होती.

याच काळात खरी वस्तू समोर आली आणि तिच्याकडं दुर्लक्ष झालं. १९२४ साली दक्षिण आफ्रिकेत टाउंग इथल्या चुनखडीच्या खाणीतून दगडात रुतलेली एक छोटी कवटी रेमंड डार्ट या शरीररचनाशास्त्रज्ञाकडं आली. त्यानं विणायच्या सुयांनी टोकरत टोकरत दगड काढला. आतून तीन-चार वर्षांच्या मुलाचा चेहरा बाहेर आला, दुधाच्या दातांसकट. मेंदू लहान होता, पण महारंध्र पुढं आणि सुळे छोटे होते. डार्टनं १९२५ साली लिहिलं की हा दोन पायांवर चालणारा आपल्या घराण्यातला आहे. त्याला ऑस्ट्रेलोपिथेकस आफ्रिकानस असं नाव दिलं. बहुतेकांनी 'हे कपीचं पिल्लू आहे' म्हणून ते बाजूला सारलं. डार्टचं म्हणणं सर्वमान्य व्हायला वीस-पंचवीस वर्षं गेली.

त्या मुलाच्या डोळ्यांच्या खोबणींत बारीक खुणा आहेत. मोठ्या गरुडाच्या चोचीच्या आणि नखांच्या खुणांशी त्या जुळतात. बहुधा गरुडानंच त्याला उचललं असावं. ही प्रतिकृती हातात दिली की वर्गातली सगळ्यात दंगेखोर पोरंसुद्धा ती दोन्ही हातांनी धरतात.

लूसी म्हणजे कोण? ती केवढी होती?

२४ नोव्हेंबर १९७४ रोजी इथिओपियातल्या हादार इथं डोनाल्ड जोहान्सन या शास्त्रज्ञाला तिची हाडं दिसली. वय सुमारे ३२ लाख वर्षं. जात ऑस्ट्रेलोपिथेकस अफारेन्सिस. सांगाड्याचा साधारण ४० टक्के भाग मिळाला, आणि एवढ्या जुन्या काळासाठी ही चैनच म्हणायची. उंची जेमतेम साडेतीन फूट, म्हणजे आपल्या पहिली-दुसरीतल्या मुलीएवढी. पण ती मूल नव्हती. अक्कलदाढ आलेली बाई होती.

हात लांब, बोटं वाकडी आणि झाडाला घट्ट धरणारी. छाती वर निमुळती, खाली पसरलेली. पण कंबर आणि गुडघा बघितला तर ओळखीचा वाटतो. वरचं अर्धं शरीर जुन्या घरातलं आणि खालचं अर्धं नव्या घरातलं, अशी ती आहे. इथिओपियात तिला दिनकिनेश म्हणतात. मला तेच नाव जास्त आवडतं.

नुसत्या गुडघ्यावरून चाल कशी ओळखता?

टेबलावरचं मांडीचं हाड उभं धरा. खालचं टोक टेबलावर सपाट टेकवलं की हाड आपोआप बाहेरच्या बाजूला कलतं. म्हणजे दोन्ही मांड्या कमरेपाशी एकमेकींपासून दूर असतात आणि गुडघ्यापाशी जवळ येतात. त्यामुळे एका पायावर उभं राहिलं तरी तोल जात नाही. चिंपांझीचं हाड सरळ उभं राहतं, म्हणून तो दोन पायांवर चालला की बदकासारखा डुलतो. हादारला लूसीच्या आदल्याच वर्षी, १९७३ मध्ये, गुडघ्याचा एक सांधा सापडला होता. तो कललेला होता. जोहान्सनला तेव्हाच अंदाज आला होता.

कमरेचंही तसंच. चिंपांझीचं कमरेचं हाड उंच आणि चपटं असतं, पाठीला टेकवलेल्या फळीसारखं. आपलं बुटकं, रुंद आणि बाजूला वळलेलं, परातीसारखं असतं. लूसीचं आपल्या प्रकारचं आहे.

पायाच्या अंगठ्याचं एवढं काय महत्त्व?

कोल्हापुरी चप्पल पायातून काढा आणि तिचा अंगठा बघा. चामड्याची ती गोल पट्टी पायाच्या अंगठ्यात घालायची, मग चप्पल पायाला धरते. ही रचना जमते, कारण आपला अंगठा बाकीच्या बोटांना समांतर, पुढं बघत उभा आहे. चिंपांझीच्या पायाचा अंगठा हाताच्या अंगठ्यासारखा बाजूला फाकतो. फांदी धरायला तो झकास, पण त्याच्या पायात ही चप्पल टिकणार नाही.

आता ४४ लाख वर्षं मागं चला. इथिओपियातच आर्डिपिथेकस रामिडस नावाचा जीव होता. त्याच्यातल्या 'आर्डी' या मादीचा सांगाडा वर्षानुवर्षं जोडून २००९ साली जगापुढं मांडला गेला. तिचा अंगठा फाकलेला, झाडाची फांदी पकडणारा. पण कमरेच्या हाडाच्या वरच्या भागाची ठेवण सांगते की जमिनीवर ती दोन पायांवर चालत असावी. सुळेही लहान. एका पावलात झाड आणि दुसऱ्यात जमीन, असा हा जीव. माझ्या मते या सगळ्या घराण्यात सगळ्यांत विलक्षण पाऊल आर्डीचंच.

त्यानंतर आठ लाखांहून थोड्या कमी वर्षांनी, म्हणजे सुमारे ३६ लाख ६० हजार वर्षांपूर्वी, टांझानियात लाएतोली इथं ज्वालामुखीची राख पडली, वर पाऊस पडला आणि त्या ओल्या राखेतून कुणीतरी चालत गेलं. राख वाळून दगड झाली. १९७८ साली शास्त्रज्ञ मेरी लिकी यांच्या पथकानं तो माग मोकळा केला. पंचगंगेच्या घाटाजवळ पाणी ओसरल्यावर चिखलात उमटलेलं पाऊल आठवा. आधी टाच खोल रुतते, मग भार बाहेरच्या कडेनं पुढं जातो आणि शेवटी अंगठ्यानं जमीन मागं ढकलली जाते. लाएतोलीतल्या पावलांत टाचेचा खड्डा आहे आणि अंगठा पुढं आलेला, बोटांच्या ओळीत आहे. ती पावलं उमटली तेव्हा आपल्या घराण्यात आपल्याएवढा मेंदू कुणाच्याही डोक्यात नव्हता.

मोहरीच्या पिशव्या कशासाठी?

मेंदूचं आकारमान हातात कळावं म्हणून. जुन्या काळी कवटीत मोहरी भरूनच ते मोजायचे. प्रत्येक पिशवीत त्या त्या पूर्वजाच्या मेंदूएवढी मोहरी आहे. मुलांना मी त्या डोळे मिटून क्रमानं लावायला सांगते.

चिंपांझीची पिशवी सुमारे ४०० घन सेंटिमीटरची. लूसीच्या जातीची साधारण ४५०. या दोन पिशव्यांचा क्रम बहुतेक मुलं चुकवतात, आणि त्यांनी तो चुकवावा हेच मला हवं असतं. चालणं सुरू होऊन लाखो वर्षं गेली तरी डोक्यात एवढाच फरक पडला होता. पुढची पिशवी होमो हॅबिलिसची, म्हणजे आपल्याच 'होमो' गटातल्या एका सुरुवातीच्या जातीची, सुमारे ६००. मग होमो इरेक्टस. त्याची एकच पिशवी पुरत नाही, कारण सुरुवातीचे ६०० च्या आसपास आणि शेवटचे हजाराच्या वर. आपली सरासरी सुमारे १३५०. निअँडरथलची, म्हणजे आपल्या अगदी जवळच्या पण आता संपलेल्या भावकीची, १२०० पासून १७५० पर्यंत, म्हणजे बऱ्याचदा आपल्यापेक्षा जड.

'मग तो आपल्यापेक्षा हुशार होता का?' हा प्रश्न लगेच येतो. नुसत्या आकारावरून ते सांगता येत नाही. आजच्या माणसांतही डोक्याचा आकार आणि हुशारी यांचा संबंध अगदी कमजोर आहे. निअँडरथलचं डोकं लांबट आणि बसकं होतं, आपलं चेंडूसारखं गोल आहे. एकाच आकाराच्या दोन घरांत खोल्यांची मांडणी निराळी असू शकते.

मोठा मेंदू परवडायलाही लागतो. आपल्या वजनात त्याचा वाटा २ टक्के, पण आपण स्वस्थ बसलो असलो तरी शरीराच्या ऊर्जेतला सुमारे २० टक्के हिस्सा तो एकटा खातो. ज्याला पोटभर आणि चांगलं खायला मिळत नाही त्याच्या घरात असा पाहुणा टिकत नाही.

दातांवरून काय कळतं?

खूप काही. दात हाडापेक्षा टणक असतात, म्हणून तेच सगळ्यांत जास्त मिळतात. नर चिंपांझीचे सुळे लांब आणि वरच्या-खालच्या दातांवर घासून धार लागलेले असतात. आपल्या घराण्यात सुळे सुरुवातीपासूनच आखूड होत गेले.

दाढांची गोष्ट वेगळी. १९५९ साली मेरी लिकी यांना टांझानियात ओल्डुवाईच्या घळीत एक कवटी मिळाली. ती आज पॅरान्थ्रोपस बॉइसाय या नावानं ओळखली जाते, वय सुमारे साडेसतरा लाख वर्षं. पुढचे दात इवलेसे, मागच्या दाढा प्रचंड, गालाची हाडं बशीसारखी पसरलेली. डोक्यावर मधोमध हाडाची उभी कड आहे. जबड्याचे स्नायू एवढे मोठे की त्यांना धरायला कवटीवर जागा पुरेना. ऊस दातानं सोलून खाताना कानशिलावर हात ठेवा, तिथं जो स्नायू फुगतो तोच हा. आपल्याकडं तो कानशिलावर संपतो, त्याचा थेट माथ्यापर्यंत चढत होता.

बरीच वर्षं वाटत होतं की तो कठीण कवचाची फळं फोडून खात असेल. मग दातांच्या रसायनाचा अभ्यास झाला. त्यातल्या कार्बनवरून कळलं की त्याचं बरंचसं अन्न गवत आणि लव्हाळ्यांच्या गटातलं होतं. आपला ऊस आणि मकाही त्याच प्रकारे सूर्यप्रकाश वापरणाऱ्या वनस्पती आहेत. दातांवरच्या बारीक ओरखड्यांतही कवच फोडल्याच्या खुणा फारशा नाहीत. म्हणजे तो दिवसभर चोथा चघळत बसणारा होता. त्याचं घराणं पुढं संपलं. तो आपला पूर्वज नव्हे, चुलता.

होमोच्या घराण्यात उलट झालं. दाढा लहान, जबडा आखूड, चेहरा आत आला. दगडाच्या धारेनं कापणं आणि ठेचणं, पुढं विस्तवावर भाजणं यांमुळे दातांच्या वाट्याचं काम कमी होत गेलं. अक्कलदाढेला आज अनेकांच्या जबड्यात जागा नसते, ती याच बदलाची पुढची कडी.

आपल्यासारखं शरीर पहिल्यांदा कुणाचं झालं?

होमो इरेक्टसचं. त्याचा पहिला अवशेष १८९१ साली जावा बेटावर युजेन द्युब्वा या डच डॉक्टरला मिळाला, पण पूर्ण शरीराची कल्पना १९८४ साली आली. केनियात तुर्काना सरोवराजवळ कामोया किमेऊ यांना कवटीचा एक चिमूटभर तुकडा दिसला. तिथं खणल्यावर एका मुलाचा जवळजवळ पूर्ण सांगाडा निघाला. १५ लाख वर्षांपूर्वीचा. दातांवरून वय आठ-नऊच्या आसपास, पण उंची सव्वापाच फुटांच्या घरात. पाय लांब, हात आखूड, कंबर अरुंद, छाती पिंपासारखी. मानेच्या खाली तो आपल्या गल्लीतला मुलगा वाटेल. मानेच्या वर मात्र कपाळ मागं सरकलेलं, भुवईवर हाडाचा आडवा कठडा, हनुवटी नाही आणि मेंदू ८८० घन सेंटिमीटर.

इथंही तेच दिसतं. लांब अंतर चालणारं, पळणारं शरीर आधी पुरं झालं, डोकं मागून आलं. ही जात आफ्रिकेबाहेर पडली, जॉर्जियात द्मानिसी इथं १८ लाख वर्षांपूर्वी पोहोचली होती. जावावर ती सुमारे एक लाख दहा हजार वर्षांपूर्वीपर्यंत टिकली. आपली जात अजून त्याच्या पावपटही जगलेली नाही.

'बाई, ह्यो निअँडरथल आमच्या तालमीत आला असता तर कुणाला आवरला असता?'

हा प्रश्न मला एका पैलवानानंच विचारला आणि मी त्याला मनापासून उत्तर दिलं. बुटका पण भक्कम. पुरुषाची उंची साडेपाच फुटांच्या आत, छाती पुढं-मागं खोल, कंबर रुंद, हाडं जाड, स्नायूंच्या खुणा खोल. कोपरापासून मनगटापर्यंतचा हात आणि गुडघ्याखालचा पाय आखूड. थंड प्रदेशात अशा गोळाबंद शरीरातून उष्णता कमी निसटते. लाल मातीत कंबर धरून झोंबला असता तर सुटणं अवघड होतं. लांब पळायला लावलं असतं तर इरेक्टसचं पोर पुढं गेलं असतं.

चेहरा मधोमध पुढं ओढलेला, नाक मोठं, भुवईवर दोन कमानी, डोक्याच्या मागं अंबाड्यासारखा उंचवटा, हनुवटी नाही.

त्याची 'वाकून, गुडघे मोडून चालणारा रानटी' ही प्रतिमा एका चुकीतून आली. फ्रान्समध्ये १९०८ साली ला शापेल-ओ-सां इथं एका वयस्क पुरुषाचा सांगाडा मिळाला. मार्सेलिन बूल यांनी तो अभ्यासून त्याला पोक काढलेला दाखवला. १९५७ साली पुन्हा नीट तपासणी झाली तेव्हा लक्षात आलं की त्या माणसाला सांधेदुखी होती. एका म्हाताऱ्याच्या दुखण्यावरून अख्ख्या जातीची चाल ठरवली गेली होती. निअँडरथल आपल्यासारखाच ताठ चालायचा.

इराकमधल्या शानिदार गुहेत तर असा एक पुरुष मिळाला की ज्याच्या डोळ्यापाशी कवटीला जबर मार बसला होता आणि उजवा हात वाळून खालून तुटलेला होता. जखमा भरून आलेल्या होत्या आणि तो चाळिशीपर्यंत जगला. कुणीतरी त्याला खाऊ घातलं असणार.

आणि निअँडरथल पुरता संपलेला नाही. आफ्रिकेबाहेर ज्यांचं मूळ आहे अशा माणसांच्या डीएनएमध्ये, म्हणजे तुमच्या-माझ्यातही, त्याचा साधारण दोन टक्के वाटा आहे. हे ज्यांच्या कामातून कळलं त्या स्वांते पेबो यांना २०२२ साली नोबेल पारितोषिक मिळालं.

हनुवटी फक्त माणसालाच असते का?

हो. खालच्या जबड्याच्या टोकाला पुढं आलेला हाडाचा उंचवटा आपल्याशिवाय कुठल्याही पूर्वजात नीट दिसत नाही. ती का आली यावर एकमत नाही. पण आपली जातही एका दिवसात घडली नाही. मोरोक्कोत जेबेल इरहूद इथं मिळालेल्या सुमारे तीन लाख वर्षांपूर्वीच्या माणसांचा चेहरा आपल्यासारखा आहे, कवटी मात्र अजून लांबटच. डोक्याचा गोलवा नंतर आला.

आमच्या वेळी पुस्तकात रामापिथेकस होता. तो कुठं गेला?

पालकांचा हमखास प्रश्न. शिवालिकच्या टेकड्यांत १९३० च्या दशकात जबड्याचे तुकडे मिळाले. लहान सुळे आणि जबड्याच्या कमानीचा अंदाज यांवरून तो माणसाचा पूर्वज मानला गेला. नाव रामाचं, सापडला आपल्या भागात, त्यामुळे आपल्याकडं त्याचं फार कौतुक झालं. पण अर्ध्या तुकड्यावरून पूर्ण कमान बांधताना चूक झाली होती. पुढं पाकिस्तानात शिवापिथेकसचा चेहरा मिळाला. तो सरळसरळ ओरांगउटानकडं झुकणारा निघाला आणि रामापिथेकस हा शिवापिथेकसचाच भाग ठरला. काळही फार जुना आहे, साधारण सव्वा कोटी ते ८५ लाख वर्षांपूर्वीचा. पुस्तकातलं नाव काढावं लागलं याचं वाईट वाटून घेऊ नका. पूर्ण चेहरा मिळाल्यावर मत बदललं, ते योग्यच झालं.

भारतात काहीच नाही का? आणि कोल्हापुरात?

भारतात एक महत्त्वाची कवटी आहे. १९८२ साली मध्य प्रदेशात हाथनोरा इथं नर्मदेच्या थरांत अरुण सोनकिया यांना कवटीचा वरचा भाग मिळाला. भुवईचा कठडा जाड, पण मेंदूचे अंदाज ११५० पासून १४२० घन सेंटिमीटरपर्यंत जातात. तो इरेक्टस की त्याच्या पुढचा, यावर मतभेद आहेत. हाडं मिळत नसली तरी हत्यारं भरपूर आहेत. तमिळनाडूत अत्तिरमपक्कम इथल्या दगडी कुऱ्हाडी सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीच्या आहेत. आपल्या महाराष्ट्रात प्रवराकाठी नेवाशाला पुरातत्त्वज्ञ सांकलियांनी अशा हत्यारांचा मोठा ठेवा उजेडात आणला.

कोल्हापूर बसाल्टवर बसलंय. आपल्या पायाखालचा काळा कातळ म्हणजे साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा लाव्हा, या टेबलावरच्या कुठल्याही पूर्वजाच्या कितीतरी आधीचा. पन्हाळ्यावरच्या जांभ्यात आणि आपल्या पावसात हाड विरघळून जातं. हाड टिकायला गाळाचे थर साचत राहावे लागतात, आणि मधून मधून ज्वालामुखीची राख पडली तर उत्तमच. पूर्व आफ्रिकेच्या खचदरीत नेमकं तेच झालं.

एवढ्या वर्षांचा हिशेब कसा धरायचा?

राखेच्या थरांतल्या पोटॅशियमचं अतिशय सावकाश, ठरलेल्या वेगानं आर्गॉन वायूत रूपांतर होतं. ते मोजून थराचं वय काढतात. रेडिओकार्बनची पद्धत ५० हजार वर्षांपलीकडं कामाची नाही.

मनात बसायला मी दोरी वापरते. टाऊन हॉल म्युझियममधली पोसायडनची छोटी ब्राँझची मूर्ती तुम्ही पाहिली असेल. ब्रह्मपुरीच्या उत्खननात मिळालेली, दोन हजार वर्षांच्या आसपासची. ती दोन हजार वर्षं म्हणजे दोरीवर एक सेंटिमीटर धरा. निअँडरथल संपला ती जागा २० सेंटिमीटरवर. जेबेल इरहूदची माणसं दीड मीटरवर. पहिले इरेक्टस दहा मीटरवर. लूसी सोळा मीटरवर. तुमाईला गाठायला ३५ मीटर दोरी लागते. ती माझ्या फाटकातून बाहेर पडून गल्लीच्या वळणापर्यंत जाते.

ते रांगेतलं चित्र, वाकलेला कपी ते ताठ माणूस, बरोबर आहे का?

माझ्या वर्गात मी ते लावत नाही. त्यातून वाटतं की एकामागून एक जण उभे राहिले आणि शेवटी आपण आलो. प्रत्यक्षात एका वेळी अनेक जाती नांदत होत्या. इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावर २००३ साली मिळालेली बाई साडेतीन फुटांची, मेंदू ४०० च्या थोडा वर, आणि काळ मात्र एक लाख ते साठ हजार वर्षांपूर्वीचा. दक्षिण आफ्रिकेतला होमो नालेदी अडीच-तीन लाख वर्षांपूर्वीचा. त्याचा पाय आपल्यासारखा आणि बोटं वाकडी, मेंदू ४६५ ते ६१० घन सेंटिमीटरचा. रांगेत यांना उभं कुठं करणार? चित्र काढायचंच तर पारंब्या फुटलेल्या वडाचं काढा.

केस, कातडीचा रंग, डोळे कसे कळतात?

हाडांत ते उरत नाहीत. चित्रांतला केसाळपणा बहुतेक चित्रकाराचा अंदाज असतो. डीएनए मिळाला तरच थोडं सांगता येतं, आणि तो इतक्या उष्ण प्रदेशांत लाखो वर्षं टिकत नाही.

दशावतार म्हणजे उत्क्रांतीच ना?

मासा, कासव, वराह, नरसिंह, वामन असा क्रम ऐकला की तसं वाटतं. पण दशावतार ही भक्तीची गोष्ट आहे, ती हाडं मोजून रचलेली नाही. अर्धा सिंह अर्धा माणूस असा कुठलाही टप्पा थरांत नाही. देव्हाऱ्यातली गोष्ट देव्हाऱ्यात ठेवूया आणि कवटी टेबलावर. माझ्या घरात दोन्ही आहेत.

घरी मुलांना काय दाखवता येईल?

मुलाला मानेच्या मागं, कवटी संपते तिथं, दोन बोटं ठेवून डोकं पुढं-मागं हलवायला सांगा. डोकं किती थोड्या जोरावर तोललं जातं ते जाणवेल. मग हनुवटी चाचपायला सांगा. ऊस असेल तर चावताना कानशिलावर हात ठेवू दे. शेवटी पाय ओले करून फरशीवर दोन पावलं चालवा. ठशात टाच कुठं, मधली कमान कुठं कोरडी राहिली आणि अंगठा कुठं बघतो, ते खडूनं गिरवून घ्या. फरशी वाळायच्या आत गिरवायला हवं.